मानेचे जुनाट दुखणे : शेतकऱ्याने घ्यावयाची काळजी

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे बैलांची खांदेमळणी करण्याची रीत आहे. वर्षभर जू वाहून कठीण झालेला बैलाचा खांदा ऊन पाण्याने शेकून त्यावर तूप व हळद चोळली जाते. बैलाचा खांदा सुजला असेल, तर जाणता शेतकरी तो बरा होईपर्यंत त्याला औताला जुंपीत नाही. मुक्या जनावराच्या मानेची ही काळजी आपल्या शेतीजीवनात परंपरेने चालत आली आहे. परंतु स्वतःच्या मानेची तेवढी काळजी घेणारा शेतकरी क्वचितच आढळतो. मान आखडली, की एखादी गोळी घ्यावयाची, मलम चोळावयाचे आणि पुन्हा तेच ओझे त्याच रीतीने उचलावयाचे, हाच सर्वत्र क्रम दिसतो. असे होता होता चार दिवसांचे दुखणे तीन महिन्यांचे व पुढे तीन वर्षांचे होते, आणि ऐन हंगामात घरातील कर्ता माणूस किंवा कर्ती बाई खाटेला खिळते.

मानेचे दुखणे म्हणजे वयाचा अगर दैवाचा भाग, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाही. शेतकऱ्याच्या मानेच्या दुखण्याचे मूळ बहुधा त्याच्या कामाच्या रीतीत असते, आणि रीत बदलणे हे माणसाच्या हाती आहे. अवजार, ओझे व काम करण्याची ठेवण यांत थोडे फरक केले आणि रोज दहा मिनिटे व्यायामाला दिली, तर बहुतेकांना नेहमीची कामे करीत राहता येतात. मात्र थोड्या रोग्यांच्या बाबतीत मानेचे दुखणे ही गंभीर आजाराची पहिली खूण असते. तिची ओळख प्रत्येक ग्राम-कार्यकर्त्याला असणे अगत्याचे आहे.

मानेची रचना व दुखण्याचे कारण

मानेत सात मणके आहेत. दोन मणक्यांच्या मध्ये गादीसारखी लवचिक चकती असते. मणक्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू खाली जातो व त्याच्यापासून निघणाऱ्या शिरा खांद्यात व हातात पसरतात. मोठ्या माणसाच्या डोक्याचे वजन सुमारे साडेचार ते पाच किलो असते. डोके मणक्यांच्या रांगेवर नीट तोललेले असेपर्यंत मानेच्या स्नायूंना फारसे श्रम पडत नाहीत. डोके पुढे झुकले, की तोल जातो आणि ते सावरून धरण्यासाठी मागच्या स्नायूंना सतत ओढ द्यावी लागते. पाण्याने भरलेली बादली शरीराजवळ धरली तर हलकी वाटते आणि हात लांब करून धरली तर क्षणात जड होते. मानेचेही तसेच आहे.

सतत ओढ देणारा स्नायू थकतो. त्यातील रक्ताभिसरण मंदावते, तो कठीण होतो व बोटाने दाबल्यास दुखऱ्या गाठी लागतात. अशा थकलेल्या स्नायूवर एकाएकी ताण आला, म्हणजे तो आवळून बसतो. यालाच आपण मानेत उसण भरणे किंवा मान धरणे म्हणतो. दुखऱ्या भागाची हालचाल होऊ नये म्हणून शरीराने केलेली ही एक प्रकारची राखण असते. परंतु राखण फार दिवस चालली, तर तिचाच त्रास होऊ लागतो. आवळलेला स्नायू दुखतो, दुखतो म्हणून माणूस मान हलवीत नाही, न हलविल्याने स्नायू अधिक आखडतो व दुबळा होतो आणि दुबळा स्नायू थोड्या श्रमाने पुन्हा आवळतो. दुखणे जुनाट होण्याचे हे रहाटगाडगे आहे. ते थांबविण्यासाठी एकीकडे मानेवरील भार कमी करावा लागतो व दुसरीकडे मानेचे बळ वाढवावे लागते. दोहोंपैकी एकच उपाय केल्यास गुण टिकत नाही.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. मानेचे चित्र काढल्यावर ‘मणक्यात गॅप आली’ किंवा ‘मणक्याची झीज झाली’ असे रोग्याला सांगितले जाते, आणि तेव्हापासून तो आयुष्यभर मान जपू लागतो. चाळिशी उलटलेल्या पुष्कळ माणसांच्या चित्रांत अशी झीज दिसते. त्यांपैकी कित्येकांची मान कधीही दुखलेली नसते. केस पिकावेत तशीच ही वयाची खूण असते. केवळ चित्रात झीज दिसली म्हणून काम सोडण्याचे कारण नाही.

कोणत्या कामांत मानेला इजा पोहोचते

डोक्यावरचे ओझे : ऊसतोडणीच्या हंगामात मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून वाहनात चढविली जाते. खताची व धान्याची पोती, गवताचे भारे, शेणाच्या पाट्या, पाण्याचे हंडे हे सारे डोक्यावरून जाते. हे ओझे सरळ मानेच्या मणक्यांवर व चकत्यांवर पडते. त्यातही खरा धोका तोल जाण्याचा असतो. पाय घसरला व डोक्यावरचे ओझे कलंडले, तर मानेला जबर हिसका बसतो. १९६८ साली ब्रिटनमधील एका वैद्यकीय नियतकालिकात, आफ्रिकेतील ओझेकऱ्यांना डोक्यावरील भारामुळे झालेल्या मानेच्या इजांवर एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यात या इजांना ‘हमालाची मान’ अशा अर्थाचे नाव दिलेले होते. त्याच सुमारास, म्हणजे १९६७ साली, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने प्रौढ पुरुष कामगाराने वाहावयाचे ओझे ५५ किलोपेक्षा अधिक नसावे, अशी शिफारस केली. स्त्रियांचे ओझे त्याहून बरेच कमी असावे असेही तिने सुचविले. ही कमाल मर्यादा आहे, रोज गाठावयाचे माप नव्हे. ज्याची मान आधीच दुखत आहे, त्याने तर या मर्यादेच्या जवळपासही जाऊ नये.

फवारणी : पाठीवरील फवारणी पंपात १६ लिटर पाणी मावते, म्हणजे पाण्याचेच वजन १६ किलो झाले. पंपाचे वजन त्यात मिळविले, की वीस किलोच्या आसपास भार अरुंद पट्ट्यांवाटे खांद्यांवर येतो. एका हाताने दांडा मारावयाचा व दुसऱ्याने नळी फिरवावयाची, यामुळे एक खांदा सतत उचललेला राहतो. संध्याकाळी मानेच्या एकाच बाजूस गोळा येतो, त्याचे कारण हे होय.

वाकून करावयाची कामे : कोकणात व भंडारा-गोंदियाकडे भाताची लावणी, सर्वत्र चालणारी खुरपणी आणि भुईमुगाच्या शेंगांची तोडणी यांत माणूस तासन्‌तास वाकलेला असतो. वाकलेल्या स्थितीत पुढचे पाहण्यासाठी डोके वर उचलावे लागते व मानेच्या मागील बाजूस घडी पडते. कापूस वेचताना झोळी गळ्यात अडकविली, तर झोळी भरत जाते तसतशी मान पुढे ओढली जाते.

वर पाहून करावयाची कामे : नाशिक व सांगली भागांत द्राक्षाच्या मांडवाखाली मण्यांची विरळणी करणे व घड औषधात बुडविणे ही कामे हात उंच व मान मागे टाकून करावी लागतात. आंब्याची काढणीही अशीच होते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेल्या नूतन झेल्याने फळ देठासह व न आपटता उतरते, झाडावर चढण्याचा धोकाही पुष्कळ कमी होतो. तथापि नजर वरच ठेवावी लागते. मान मागे टाकल्याने शिरांच्या वाटा अरुंद होतात. त्यामुळे अशा कामानंतर कित्येकांना हाताला मुंग्या येतात.

ट्रॅक्टर व वाहन : नांगरट व रोटाव्हेटरचे काम करताना चालक वारंवार मान वळवून मागच्या अवजाराकडे पाहतो. त्याच वेळी ट्रॅक्टरचे हादरे पाठीतून मानेत पोहोचत असतात. पिळलेल्या मानेला हादरे अधिक बाधतात.

या सर्वांत अलीकडे आणखी एका कारणाची भर पडली आहे. दिवसभर शेतात वाकलेली मान रात्री मोबाइल फोनवर पुन्हा वाकते. जी विश्रांतीची वेळ, तीच मानेच्या श्रमाची होते.

कामाच्या रीतीत करावयाचे बदल

१. ओझे विभागावे. ५० किलोचे पोते दोन गोणपाटांत २५-२५ किलो करून न्यावे. फेऱ्या दुप्पट होतात, परंतु दुसऱ्या दिवशी कामाला उभे राहता येते. युरियाचे पोते २०१८ पासून ४५ किलोचे झाले आहे, तरीही एकट्याने डोक्यावर घेण्यास ते जडच आहे. जड पोते दोघांनी उचलावे.

२. ओझे चाकावर घालावे. एकचाकी ढकलगाडी, सायकल किंवा बैलगाडी यांपैकी जे मिळेल त्याचा उपयोग करावा. गावातील चार-पाच घरांनी मिळून एक ढकलगाडी घेतली, तर कोणासही ती महाग पडत नाही. पाण्यासाठी डोक्यावरील दोन हंड्यांऐवजी चाकाची गाडी किंवा नळी वापरावी.

३. कंबरेइतका ओटा बांधावा. खळ्यात, गोठ्यात व विहिरीजवळ दगडमातीचा ओटा असला, म्हणजे पोते, भारा किंवा पंप जमिनीवरून उचलावा लागत नाही. ओट्यावर ठेवलेला पंप पाठ लावून सहज घेता येतो व तसाच उतरविता येतो. पंप एका खांद्यावर हिसक्याने टाकण्याची सवय मानेला सर्वांत घातक होय.

४. पंप पूर्ण भरू नये. मान दुखत असेल, तर १६ लिटरच्या पंपात १२ लिटरच द्रावण घ्यावे. एकरी २०० लिटर द्रावण लागत असेल, तर पूर्ण पंपाच्या १३ व बारा लिटरच्या १७ फेऱ्या होतात. फेऱ्या चार वाढल्या, तरी प्रत्येक वेळी पाठीवरचे चार किलो कमी होतात. येथे एक गोष्ट कटाक्षाने पाळावी : पाणी कमी घेतले, की औषधही त्याच प्रमाणात कमी घ्यावे. १६ लिटरला जेवढे औषध सांगितले असेल, त्याच्या तीन-चतुर्थांश औषध १२ लिटरला पुरते. पट्टे रुंद व मऊ असावेत, त्यांची लांबी दोन्ही बाजूंस सारखी असावी व पंप पाठीला घट्ट बसावा. दोन-तीन फेऱ्यांनंतर दांड्याचा व नळीचा हात बदलावा.

५. उभ्याने चालणारी अवजारे वापरावीत. खुरपणीच्या जागी, जेथे ओळींत अंतर असेल तेथे, सायकल कोळपे चालवावे. फावड्याचा व दाताळ्याचा दांडा आपल्या उंचीला शोभेल इतका लांब बसवावा. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेत व परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात शेतकरी महिलांचे कष्ट कमी करणाऱ्या अवजारांवर काम झाले आहे. आपल्या जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात अशा अवजारांची माहिती मागावी. कापसाची झोळी गळ्यात न अडकविता कंबरेला बांधावी आणि ती काठोकाठ भरण्यापूर्वीच रिकामी करावी.

६. कामाची पाळी बदलावी. एकच काम दिवसभर करण्यापेक्षा अर्ध्या-पाऊण तासाने दोन मिनिटे थांबून सरळ उभे राहावे, खांदे मागे घ्यावेत व मान दोन्ही बाजूंस सावकाश वळवावी. द्राक्षाच्या मांडवाखाली काम करणाऱ्यांनी शक्य तेथे पायाखाली पाट किंवा घडवंची घेऊन घड डोळ्यांसमोर आणावा. आंबा काढताना झाडाच्या बुंध्याशी उभे न राहता थोडे दूर उभे राहावे, म्हणजे नजर तिरकी जाते व मान फार मागे टाकावी लागत नाही. झेला धरणारा व फळे गोळा करणारा यांनी तासातासाने कामांची अदलाबदल करावी.

७. ट्रॅक्टर चालविताना केवळ मान न पिळता कंबरेपासून वळावे. मागे पाहण्यासाठी आरसा बसवावा. बसावयाची गादी फाटकी असल्यास ती बदलावी आणि तासाभराने खाली उतरून चार पावले चालावे.

८. झोपताना मान सरळ राहील एवढीच उशी घ्यावी. दोन-तीन उशा रचणे किंवा पालथे झोपणे टाळावे. मोबाइल फोन डोळ्यांच्या उंचीवर धरून पाहावा.

उसण भरली असता काय करावे

मान एकाएकी धरली, तर प्रथम घाबरून जाऊ नये. साधी उसण बहुधा काही दिवसांत ते दोन-तीन आठवड्यांत उतरते. पहिल्या एक-दोन दिवसांत जड काम बंद ठेवावे, परंतु खाटेवर पडून राहू नये. चालणे-फिरणे व हलकी घरकामे चालू ठेवावीत.

शेक हा सोपा व बिनखर्चाचा उपाय आहे. गरम पाण्याची पिशवी किंवा तव्यावर गरम केलेल्या जाड्या मिठाची अगर वाळूची पुरचुंडी कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे मानेस व खांद्यास लावावी. दिवसातून दोन-तीन वेळा असे करण्यास हरकत नाही. पुरचुंडी आधी स्वतःच्या हाताच्या आतील बाजूस लावून पाहावी. मधुमेह असलेल्यांना चटका कळत नाही, म्हणून त्यांनी विशेष जपावे. झोंबणारे मलम चोळून त्यावर शेक घेऊ नये, कातडी भाजते. शेकानंतर स्नायू सैल झाले, की मान जेवढी सुखाने वळेल तेवढी सावकाश वळवावी. घरच्या माणसाने हलक्या हाताने तेल चोळल्यास आराम वाटतो.

परंतु मानेला झटका देऊन ‘कट्’ असा आवाज काढण्याचा प्रकार कोणाकडूनही करवून घेऊ नये. असा झटका बसल्याने मेंदूकडे रक्त नेणाऱ्या वाहिनीस इजा होऊन पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकीय ग्रंथांत नोंदलेली आहेत. क्षणाच्या आरामासाठी एवढी जोखीम घेणे शहाणपणाचे नाही.

मानेला पट्टा बांधावयाचा झाल्यास तो डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व थोडे दिवसच बांधावा. महिनोन्‌महिने पट्टा वापरला, तर मानेचे स्नायू दुबळे होतात व पट्ट्यावाचून चैन पडेनासे होते.

गोळ्यांचे भय

जुनाट दुखण्यात सर्वांत मोठे नुकसान पुष्कळदा दुखण्याने होत नाही, ते गोळ्यांनी होते. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन इत्यादी वेदनाशामक गोळ्या थोड्या दिवसांपुरत्या उपयोगी आहेत. त्या महिनोन्‌महिने घेतल्यास जठरात व्रण पडून रक्तस्राव होऊ शकतो, रक्तदाब वाढतो व मूत्रपिंडे निकामी होण्याची भीती असते. उन्हातान्हात घाम गाळणाऱ्या व पाणी कमी पिणाऱ्या माणसाला हा धोका अधिक असतो. डायक्लोफिनॅक दिलेल्या जनावरांचे मृत मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे बिघडली व देशातील गिधाडे फार मोठ्या प्रमाणात नष्ट झाली. म्हणून भारत सरकारने २००६ साली जनावरांसाठी हे औषध बंद केले. माणसाचे शरीर या औषधाच्या बाबतीत गिधाडाइतके नाजूक नसले, तरी मूत्रपिंड दोघांनाही आहे, हे विसरू नये.

दुकानातून कागदात बांधून मिळणाऱ्या बिननावाच्या गोळ्या व ‘सांधेदुखीच्या पुड्या’ कदापि घेऊ नयेत. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे. प्रथम दुखणे जादूसारखे थांबते व पुढे हाडे ठिसूळ होणे, रक्तातील साखर वाढणे, अंगावर सूज येणे असे परिणाम होतात. मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार किंवा पूर्वी पोटात व्रण असलेल्यांनी, तसेच गरोदर स्त्रियांनी, वेदनाशामक गोळी डॉक्टरांस विचारल्याशिवाय घेऊच नये.

मानेचे बळ वाढविणारे व्यायाम

पुढील व्यायाम सकाळी कामावर जाण्यापूर्वी किंवा संध्याकाळी शेक घेतल्यावर करावेत. त्यांस दहा मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागत नाही.

१. भिंतीला पाठ टेकून ताठ उभे राहावे. नजर समोर ठेवून हनुवटी सरळ मागे घ्यावी, जणू डोक्याची मागची बाजू भिंतीला लावावयाची आहे. मान वर किंवा खाली करू नये. पाच अंक मोजेपर्यंत थांबून सैल सोडावे. असे दहा वेळा करावे.

२. दोन्ही खांदे कानांकडे उचलावेत, मागे न्यावेत व खाली सोडावेत. दहा वेळा करावे.

३. पाठीवरील दोन्ही पाती एकमेकींजवळ येतील अशा रीतीने खांदे मागे ओढावेत. पाच अंक थांबावे. दहा वेळा करावे.

४. उजवा कान उजव्या खांद्याकडे सावकाश झुकवावा. खांदा वर उचलू नये. वीस अंक थांबावे. तसेच डाव्या बाजूस करावे. प्रत्येक बाजूस तीन वेळा करावे.

५. तळहात कपाळावर ठेवून डोक्याने हाताला व हाताने डोक्याला सारख्याच जोराने दाबावे, डोके मात्र हलू देऊ नये. पाच अंक थांबावे. याप्रमाणे डोक्याच्या मागे व दोन्ही बाजूंस हात ठेवून करावे. प्रत्येक दिशेस पाच वेळा करावे. हा व्यायाम ताजी उसण उतरल्यावरच सुरू करावा.

व्यायाम करताना थोडी ओढ लागणे स्वाभाविक आहे. परंतु हाताला मुंग्या आल्या, कळ हातात उतरू लागली किंवा चक्कर आली, तर तो व्यायाम बंद करून डॉक्टरांना दाखवावे. मान झटक्याने गरगर फिरवू नये. स्नायूंना बळ येण्यास वेळ लागतो. सहा ते आठ आठवडे नेमाने व्यायाम केल्यावरच त्याचा गुण ठरवावा. रोज पाऊण तास चालणेही हितकर आहे.

जुनाट दुखण्याचा मनाशीही संबंध असतो. कर्जाची, पिकाची किंवा घरातील आजाराची चिंता असली, की माणूस नकळत खांदे आवळून धरतो व त्याची झोप उडते. अपुऱ्या झोपेने वेदना अधिक जाणवते. याचा अर्थ दुखणे खोटे असते असा नव्हे. झोप व मनाचे स्वास्थ्य हेही उपचाराचेच अंग आहे, एवढाच याचा अर्थ.

कोणती लक्षणे दिसताच दवाखान्यात न्यावे

पुढील लक्षणे साध्या उसणीची नाहीत. त्यांत शेक, चोळणे व व्यायाम करीत बसल्याने अमूल्य वेळ वाया जातो.

१. हाताची शक्ती कमी होणे, सदऱ्याची गुंडी लावता न येणे, हातातून वस्तू पडणे, चालताना पाय अडखळणे, मान वाकवताच पाठीतून विजेसारखी कळ जाणे किंवा लघवी-शौचावरील ताबा सुटणे. ही मज्जारज्जू दबल्याची लक्षणे असू शकतात. उशीर झाल्यास गेलेली शक्ती परत येईलच असे सांगता येत नाही.

२. झाडावरून, गाडीवरून किंवा विहिरीत पडल्यानंतर मान दुखणे. अशा माणसाला उठवून बसवू नये. डोके व मान हलू न देता फळीवर निजवावे व १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी.

३. तीव्र ताप, डोकेदुखी व ताठ झालेली मान. हा मेंदूज्वर असू शकतो.

४. जबडा उघडेनासा होणे व त्यानंतर मान आणि पाठ ताठरून झटके येणे. ही धनुर्वाताची लक्षणे होत. विळ्याची, खिळ्याची किंवा काट्याची जखम लहान असली तरी माती व शेणात काम करणाऱ्यास हा धोका असतो. जखम होताच ती स्वच्छ धुऊन आरोग्य केंद्रातून धनुर्वात-प्रतिबंधक लस टोचून घ्यावी.

५. फवारणीच्या दिवशी स्नायू फडफडणे व सोबत घाम, तोंडास लाळ, उलटी, अंधूक दिसणे किंवा धाप लागणे. ही मानेची उसण नव्हे, विषबाधा होय. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावरील फवारणीत वीसहून अधिक शेतकरी व मजूर प्राणास मुकले. रोग्याचे कपडे काढून अंग साबणाने धुवावे व औषधाच्या डब्याच्या चिठ्ठीसह त्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

६. श्रम करताना छातीत दडपण येऊन कळ मानेत, जबड्यात किंवा डाव्या हातात जाणे. हा हृदयविकार असू शकतो.

७. रात्री विसाव्यातही न थांबणारे दुखणे, संध्याकाळचा बारीक ताप व वजन घटणे. मणक्याच्या क्षयात अशी लक्षणे दिसतात. क्षयाची तपासणी व औषधे सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळतात आणि वेळीच सुरू केल्यास रोग बरा होतो.

ग्राम-कार्यकर्त्यांचे काम

रोगाचे निदान करणे अगर गोळ्या वाटणे हे ग्राम-कार्यकर्त्याचे काम नव्हे. त्याचे काम दुखण्याच्या कारणाजवळ पोहोचण्याचे आहे, आणि ते कारण दवाखान्यात दिसत नाही, शेतात दिसते. एखाद्याची मान दुखते असे कळताच त्याला चार प्रश्न विचारावेत : कोणते काम केल्यावर दुखते? ओझे किती व कसे उचलता? गोळ्या कोणत्या व किती दिवस घेता? वर सांगितलेल्या लक्षणांपैकी एखादे आहे काय? चौथ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आल्यास बाकीची चर्चा सोडून त्यास आरोग्य केंद्रात पाठवावे.

लावणी, फवारणी, वेचणी व ऊसतोडणी यांपूर्वी गावात एक छोटी बैठक घ्यावी. पंप ओट्यावरून पाठीवर कसा घ्यावा, पट्टे कसे बांधावेत व पोते दोघांनी कसे उचलावे, हे बोलून सांगण्यापेक्षा करून दाखवावे. व्यायामही तेथेच सर्वांकडून करून घ्यावेत. आशा स्वयंसेविकेस व आरोग्य सेविकेस या बैठकीस बोलवावे. स्त्रियांची उपस्थिती आवर्जून पाहावी, कारण शेतातील वाकण्याची कामे व घरातील पाणी-जळणाची ओझी अशी दोन्ही त्यांच्याच मानेवर पडतात, आणि दुखणे अंगावर काढण्याची सवयही त्यांनाच अधिक असते. मजूर लावणाऱ्या शेतकऱ्यांना हेही समजावून सांगावे, की हलके ओझे व मधली विश्रांती ही मजुरावर केलेली मेहेरबानी नव्हे. दुखऱ्या मानेने केलेले काम सावकाश होते व अर्धवट राहते.

जुनाट दुखणे एका दिवसात जडत नाही व एका दिवसात जातही नाही. अधूनमधून ते पुन्हा डोके वर काढील. तेव्हा उपाय फसला असे समजून निराश होऊ नये. शेक घ्यावा, दोन दिवस ओझे टाळावे व व्यायाम हळूहळू पुन्हा सुरू करावेत. या हंगामासाठी प्रत्येक शेतकऱ्याने निदान दोन गोष्टी ठरवाव्यात : एकट्याने पूर्ण पोते डोक्यावर घेणार नाही आणि सांगितल्याशिवाय गोळी गिळणार नाही. एवढा नेम पाळला, तरी हंगामाच्या अखेरीस त्याची मान त्याला साथ देत असल्याचे दिसून येईल.